भाव विचारला की चष्मा पुसायची

कोणी भाव विचारला की कॉम्प्युटरवाली चष्मा काढायची आणि ओढणीने पुसत बसायची. समोरचा वाट बघून म्हणायचा, "बरं, नंतर सांगा." हिला तेच हवं असायचं.

चाकणला माझी मेस. वरच्या खोलीत ती भाड्याने राहायची. परभणीकडची पोर, माणमधल्या आयटी कंपनीतली नोकरी सोडून आलेली. बारक्या वर्कशॉपवाल्यांसाठी तिने सॉफ्टवेअर केलं होतं. कामगारांची हजेरी, ओव्हरटाइम, पगार, सगळं मोबाइलवर. मालकांनी ते वापरायचं आणि दर महिन्याला पैसे द्यायचे. दिवाळीपर्यंत जम बसला नाही तर पुन्हा नोकरी धरीन, असं ती घरी कबूल करून आली होती. आणि महिन्याला किती घ्यायचे, तेच तिचं ठरत नव्हतं.

"मावशी, तुमी असता तर किती दिले असते?"

"मी घेतलंच नसतं."

ती हसली. खरं कितीही कडू असलं तरी तिला चालायचं. माझी भाजी खारट झाली तर तोंडावर सांगायची आणि पुन्हा वाढून घ्यायची.

आकडा ठरला तो पोपटरावांमुळे. त्यांचं जवळच पत्र्याचे पार्ट दाबून काढायचं प्रेसशॉप. जेवायला आले की म्हणायचे, "ताई, आकडा बोला, माल उतरायचाय तिकडं." एकदा तिने चष्मा पुसत पुसत हळूच सांगितला.

"एवढाच? ह्यात तर माझा चहा भागत न्हाई. चालंल का तरी ते?"

तिने घाबरून दुप्पट सांगितला. ते हो म्हणाले.

माझ्या मेसमध्ये खाडा असतो. गावी जाणाऱ्याने आधी सांगायचं, तेवढ्या दिवसांचे पैसे मी कापते. ही रीत तिला फार आवडली. तिने वर्कशॉपवाल्यांनाही खाडा देऊन टाकला. ज्याचं शॉप बंद, त्याने त्या महिन्याचं काही द्यायचं नाही. मी म्हटलं, "एकाचा खाडा परवडतो. समदे एकदम गावी गेले तर?"

"बंद दुकानाला कसं मागायचं ओ, मावशी?"

पावसाळा सरता सरता एका मोठ्या कंपनीने गाड्या बनवायची लाइन थांबवली. तिच्यावर जगणारी शॉपं एकामागोमाग बंद पडली. सगळ्यांनी खाडा धरला. मग तीही आली. "मावशी, माझा पण खाडा धरा. गावी चालले."

गेली नाही. वर पंखा फिरताना ऐकू येत होता. मी ताट घेऊन चढले. बिस्किटांचा पुडा पुढ्यात ठेवून काम करत होती.

"खाडा गावी गेलेल्याला असतो," मी म्हटलं, "घरात लपून बसणाऱ्याला न्हाई. जेव."

जेवली. भाजीला नाव ठेवलं नाही, तेव्हा मला कळलं की पोर खचलीय.

पोपटरावांना मी सांगितलं. ते दुसऱ्याच दिवशी येऊन तिच्यासमोर बसले. "ताई, बंद महिन्याचे अर्धे घ्या."

"तसं ठरलं नव्हतं ना, काका."

"मग आता ठरवा. माझ्या समद्या पोरांच्या हजेऱ्या तुमच्यापाशी हायेत. तुमी नोकरीला गेलात तर मी कुणाला धरू?"

तिचा हात चष्म्याकडे गेला. "पुसू नको," मी चुलीपासून ओरडले, "हो म्हण."

ती हो म्हणाली. मग बाकीच्या शॉपवाल्यांनाही तिने तेच सांगितलं. दोघा-तिघांनी सोडलं, उरलेले कुरकुरत का होईना, कबूल झाले. दिवाळी आली, गेली. नोकरीचं नाव कोणी काढलं नाही. पुढे तिने रावेतला ऑफिस घेतलं आणि खोली सोडली.

परवा आली होती. जेवताना कोणाचा तरी फोन आला, त्याने भाव विचारला. तिने एका दमात सांगितला. हात चष्म्याकडे गेलासुद्धा नाही. "भाजी खारट झालीय," म्हणाली आणि पुन्हा वाढून घेतली.

हात धुऊन आली. "मावशी, आता ताट केवढ्याला?"

भाव भिंतीवरच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे. आजवर तो सांगताना माझी जीभ कधी अडली नाही. मी पदर घेतला आणि कोरडंच ताट पुसत बसले.