कानातला फाया

माझ्या वडिलांच्या उजव्या कानात उन्हाळाभर खसाच्या अत्तराचा फाया असायचा आणि हिवाळ्यात हिन्याचा. कानाच्या वरच्या खोबणीत कापसाची हरभऱ्याएवढी गोळी, एवढीच त्यांची चैन. रेल्वेतल्या नोकरीत अंगाला दिवसभर डिझेलचा वास यायचा, पण कानाशी गेलं की खस. ते गेल्यावर ही सवय माझ्याकडे आली. आता मी स्वतः निवृत्त झालो, तरी सकाळी आंघोळीनंतर फाया घातल्याशिवाय मला कपडे अर्धेच घातल्यासारखे वाटतात. त्यामुळे आमच्या रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या घरी परदेशी परफ्यूमची बाटली आली तेव्हा तिचं मी काय करणार हे ठरल्यासारखंच होतं.

बाटली बंगलोरहून मुलीने कुरियरने पाठवली होती. पाठवली तिने, पण घेतली होती त्या मुलाने. त्या मुलाशी तिला लग्न करायचं होतं. तिच्याच ऑफिसातला, कोइम्बतूरकडचा. ना त्याला आपली भाषा येत, ना आपल्याला त्याची. तीन महिन्यांपूर्वी तिने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी एवढंच म्हणालो, "पाहू." माझं 'पाहू' म्हणजे 'नाही', हे तिला सहलीच्या परवानगीपासून ठाऊक आहे. त्या दिवसापासून तिचे फोन आईच्या मोबाइलवर यायला लागले. "बाबा कैसे हैं?" हे ती आईला विचारायची आणि मी शेजारच्याच खुर्चीत बसलेला असायचो. मला ते फार लागलं होतं. पण आपण होऊन फोन करायचा तर मान खाली घालावी लागली असती, आणि ती माझी घातली जात नाही.

रविवारी तो मुलगा भेटायला येणार होता. बायकोने मला न विचारताच त्याला बोलावून टाकलं होतं. मी नाही म्हटलं असतं तर मुलीने ऐकलं असतं, एवढी ती माझी आहे. पण मग ती आयुष्यभर आईच्याच फोनवर बोलली असती. हे मला कळत होतं, आणि तरी मी नाही म्हणायला कारणं शोधत होतो.

अशात बुधवारी खोका आला. बायकोने चष्मा लावून त्यावरचं बारीक अक्षर वाचलं.

"नासपती, आलुबुखार, मग देवदार, चंदन असं काही काही लिवलं आहे. अन् हे बाई-माणूस दोघांनी लावायचं म्हणते."

"म्हणजे एकाच बाटलीत दोघांना गुंडाळलं."

"काहून तोंड वाकडं करून राहिले तुम्ही? वास तर घ्या आधी."

बाटलीच्या बाजूला खोक्यात कापडाची एक छोटी पुरचुंडी होती. तीत स्वच्छ पिंजलेला कापूस. आमचं मूळ यवतमाळकडचं. रायपुरात तीन पिढ्या गेल्या, तरी कापूस बोटांत धरला की बरा कोणता ते आम्हाला कळतं. हा फार उत्तम होता. बाटली फुटू नये म्हणून असला कापूस कोंबतात, हे पाहून माझं टाळकंच फिरलं. म्हटलं, चला, एक कारण मिळालं: मुलगा उधळ्या आहे. मी त्यातलाच चिमूटभर तोडला, त्यावर दोन फवारे मारले, गोळी वळली आणि कानात घातली.

"बाकीचा कापूस फेकून दे," असं सांगून मी स्कूटर काढली. बायकोची जोडवी सैल झाली होती, ती सराफाकडे द्यायला सदर बाजारात जायचं होतं.

अत्तर कसं, ते एकदा आलं की आहे तिथेच बसून राहतं. हे परफ्यूम तसं नव्हतं. पहिल्या चौकातच नासपती सुरू झाली. मग आलुबुखार, मग पिकून फुटलेला पेरू, आणि या सगळ्यावर कोणी साखरेचा पाक ओतल्यासारखा गोडवा. अंगावर मारलं असतं तर वाऱ्याने उडालं तरी असतं. कानात ते ठाण मांडून बसलं. सिग्नलला शेजारच्या स्कूटीवरच्या पोट्टीने माझ्याकडे वळून पाहिलं, मग माझ्या टकलाकडे पाहिलं आणि ओठ दाबून समोर बघायला लागली. एक माशी तर सराफाच्या दुकानापर्यंत सोबत आली. फाया काढून फेकता आला असता. पण मी मुद्दाम ठेवला. दुसरं कारण मिळालं होतं ना: पुरुषाला असलं गोडमिट्ट देणाऱ्याला समज किती असणार! रविवारी मी काय काय बोलणार, त्याची जुळवाजुळव मी जोडव्यांची पावती होईपर्यंत करत होतो.

त्याच रस्त्यावर वडिलांच्या वेळचा अत्तरवाला आहे. आता पार म्हातारा झालाय, पण गादीवर बसतो. त्याच्याकडे गेलो ते साक्षीदार मिळवायला, हे कबूल करतो. त्याने एकदा "नकली है" म्हटलं की माझं काम झालं असतं.

त्याने चिमट्याने माझ्या कानातून फाया काढला, नाकाशी धरला, थोडा लांब नेला, परत जवळ आणला.

"कितनी देर हुई?"

"घंटाभर."

"तो अभी मत पूछो, भैया. बैठो."

फाया त्याने एका काचेच्या ताटलीत ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला मोगरा दाखवायला लागला. मी बसलो. चहा आला, तो प्यायलो. अर्धा-पाऊण तास गेला असेल. मग त्याने ताटली माझ्यापुढे सरकवली.

"अब लो."

मी वास घेतला. पेरू गेला होता. गोडवा होता, पण कुठेतरी मागे. पुढे आलं होतं ते कोरडं, स्वच्छ लाकूड. आणि हे लाकूड माझ्या ओळखीचं होतं. मी परत नाकाशी धरलं आणि लक्षात आलं: पेन्सिल. मुलगी पाचवीत जाईपर्यंत रोज सकाळी मी तिच्या तीन पेन्सिली ब्लेडने तासून द्यायचो. गिरमिटाने टोक तुटतं म्हणून ती रडायची, तिला बाबांनीच केलेली हवी असायची. वर्तमानपत्रावर सालपटांचा ढीग पडायचा आणि ती त्यात नाक घालून बसायची. ते सगळं त्या हरभऱ्याएवढ्या कापसात होतं. मला तिथे गिऱ्हाइकांच्या देखत भरून आलं.

"किसने दिया?" अत्तरवाल्याने विचारलं.

आता काय सांगायचं? मुलीच्या ऑफिसातला मुलगा, म्हणजे तसं अजून काही ठरलं नाही, म्हणजे आम्ही पाहतो आहोत... एवढं रामायण कोण सांगत बसणार! मी म्हणालो, "दामाद ने."

शब्द तोंडातून गेला आणि मीच दचकलो. अत्तरवाल्याने नुसती मान हलवली.

"हव, माल अच्छा है. रूई भी बढ़िया है."

"रूई तो पॅकिंग की है," मी म्हणालो. म्हातारा हसला, का ते तेव्हा कळलं नाही.

बाहेर आलो तर छाती हलकी झाली होती. तीन महिने जे एवढं अवघड धरून बसलो होतो, ते एका दुकानदाराला टाळायच्या नादात म्हणून झालं होतं, आणि काहीही बिघडलं नव्हतं. वास बरा निघाला म्हणून माणूसही बरा निघेल, असं मी म्हणत नाही; एवढा मी खुळा नाही. पण मला आता नाही म्हणायचं नव्हतं. स्कूटरला टेकूनच मी मुलीला फोन लावला.

"बाबा? क्या हुआ? आई ठीक है ना?"

तिचा आवाज घाबरलेला होता. माझा फोन म्हणजे काहीतरी वाईटच असणार, असं तिला वाटलं. ही माझी कमाई.

"आई बरी आहे. मी ते परफ्यूमचं सांगायले फोन केला."

"परफ्यूम का?"

"सुरुवातीले लई गोड आहे. मले वाटलं, फेकून द्यावं. मग चांगलं झालं. रविवारी त्याले म्हणा, जेवूनच जायचं. मी येतो स्टेशनवर घ्यायले."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग ती एकदम हसायला लागली.

"बाबा, कान में लगाया ना आपने?"

"तुले कोणी सांगितलं?"

"मैंने ही उसको बताया था कि बाबा कान में फाया रखते हैं. तो बोला, स्प्रे कान में कैसे मारेंगे? अपनी अम्मा से रूई मँगवाई उसने, गाँव से. बाबा, आपने देखी ना रूई?"

"पाहिली," मी म्हणालो. फोन ठेवला आणि स्कूटरला किक मारली.

घरी कसा आलो ते मला आठवत नाही. गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याची गाडी उभी दिसली. स्कूटर तशीच स्टँडवर चढवून मी आत धावलो. बायको देवासमोर पाटावर बसली होती.

"तो कापूस फेकला काय तू?"

"इतका चांगला कापूस फेकते काय कोणी?" ती मागे न वळताच म्हणाली. देवापुढे निरांजन लावलेलं होतं आणि ताटलीत नव्याने वळलेल्या वाती ओळीने ठेवल्या होत्या. "देवाच्या वाती वळल्या. अर्धाच घेतला. बाकी पुरचुंडीत बांधून तुमच्या कपाटात ठेवला आहे, कानासाठी. मले पोट्टीनं खोका पाठवला तवाच सांगितलं होतं."