बेसिनच्या फटी आणि माझा चेहरा

गेल्या आठवड्यात एका सकाळी आमचे हे बेसिनच्या आरशासमोर माझ्या सुरकुत्यांवरच्या नव्या क्रीमची डबी हातभर लांब धरून वाचत उभे होते. एकदम ओरडले, "अगं, यात सिलिकोन आहे! मागच्या रविवारी मी बेसिनच्या फटीत भरलं, तेच!"

भाचीच्या लग्नाला चार दिवस उरले होते आणि बेसिनशी बरोबरी मला नको होती. "व्हिटॅमिन एसुद्धा आहे," मी ठणकावलं.

"मग गाजरं खा की!"

रागावले खरी, पण दिवसभर तेच डोक्यात. सिलिकोनचा स्वभाव अगदी माझ्यासारखा. पाहुणे दारात आले की पसाऱ्यावर चादर टाकायची, सगळं कसं गुळगुळीत. ते गेले की चादर काढायची, पसारा जागच्या जागी. व्हिटॅमिन ए मात्र थेट माझ्या आईसारखं. आल्या आल्या कपाटं उपसणार, सगळ्यांची सालं काढणार, घर होतं त्याहून वाईट दिसायला लागणार, आणि दोन-तीन महिन्यांनी ते खरंच सुधारलेलं असणार. पण चार दिवसांसाठी आईला बोलावून काय उपयोग?

लग्नाच्या दिवशी मी क्रीम लावत होते, तर हे डोळे मिटून, चेहरा पुढे करून शेजारी उभे. "माझ्याही बुजव."

मी त्यांच्या डोळ्यांच्या कडेच्या रेघा एकेक करून बुजवल्या. "गाजरं खा की," म्हटलं.

ते खळखळून हसले, आणि सगळ्या रेघा जागच्या जागी आल्या. त्या मी पुन्हा बुजवल्या नाहीत.