धुळीचा प्रश्न आम्ही सोडवलाय

हे मी इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. मागच्या महिन्यात पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं, आणि आता पडलंच आहे तर पूर्ण सांगते. पण एक आधीच सांगून टाकते — मन हलकं करायला मी बसलेली नाही. हलकं होत नाही. तुम्ही मला समजून घ्यावं अशीही माझी अपेक्षा नाही. ऐकायचं तर ऐका.

जालन्यातल्या आमच्या केंद्राचे फोटो तुम्ही पेपरात पाहिले असतील. बियाणं निवडणारी छोटी यंत्रं, ती बनवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या पोरी, बाहेरून बघायला आलेले अधिकारी. ‘मराठवाड्यातला नमुनेदार क्लस्टर’ असं त्याखाली छापलेलं असतं. ते केंद्र मी उभं केलं. यात मी कमीपणा घेणार नाही. जागा मिळवण्यापासून वीज जोडण्यापर्यंत मी त्यासाठी झिजले, ते खोटं नाही. पण ज्या दिवशी ते मंजूर झालं, त्या दिवशी मी जे बोलले — ते खोटं होतं. बिलकुल खोटं.

थांबा. असं एकदम नाही सांगता येत.

मी केदारखेड्याची. वडील शाळेत शिक्षक होते. आमच्या बौद्धवाड्यातून इंजिनिअरिंगला गेलेली पहिली मुलगी मी — हे लोक भाषणात सांगतात, आणि मीही त्यांना सांगू देते. संभाजीनगरला कॉलेजच्या होस्टेलवर माझ्या खोलीत परतूरची संगीता होती. घर शेतकऱ्याचं, वडिलांचं मोंढ्यावर, धान्याच्या बाजारात, जाणं-येणं, बोलणं मोठमोठ्यानं. हातात पाना असला की तिला जेवणाची आठवण राहत नसे. मी पुस्तकातून शिकायचे, ती वस्तू उघडून शिकायची. आमचं छान जमायचं. एकमेकींच्या घरी आम्ही राहिलो आहोत. तिच्या आईनं मला ताटाला ताट लावून जेवू घातलंय. हे का सांगतेय? कारण मी जे केलं, ते परक्या माणसाला केलं नाही.

पुढं मी जालन्यात आले, बियाणं कंपन्यांच्या संघाकडं. संघाचे अध्यक्ष अण्णा, मोठे व्यापारी. तेव्हा सरकारचं नवं धोरण आलं होतं — एकाच धंद्यातल्या छोट्या कारखानदारांनी एकत्र यायचं, स्वतःचं काही नवं तंत्र दाखवायचं, आणि मंग सरकार त्यांना मिळून वापरायला एक केंद्र बांधून देणार. जिल्ह्याला एकच. जालन्याकडून आम्ही, परतूरकडून एक लहानसा गट. त्या गटाची प्रमुख संगीता.

दोघींचं यंत्रही एकच होतं, कारण अडचण सगळ्यांची एकच होती. सोयाबीनचं बियाणं निवडायला बाया बसवायच्या, नाही तर बाहेरचं अवाढव्य यंत्र घ्यायचं, जे छोट्या माणसाला परवडत नाही. आम्हाला छोटं यंत्र करायचं होतं : पट्ट्यावरून दाणे जाणार, कॅमेरा बघणार, डागी किंवा फुटका दाणा दिसला की हवेचा फवारा त्याला बाजूला उडवणार. कागदावर सोपं. पण सोयाबीनची धूळ अशी काही उडते की जरा वेळात कॅमेऱ्याची काच आंधळी व्हायची. मंग यंत्र चांगलं फेकणार आणि डागी ठेवणार. आमचंही तसंच व्हायचं, तिचंही. फोनवर आम्ही त्यावर हसायचो. हसायचो — हे लक्षात ठेवा.

केंद्र कुणाला द्यायचं ते ठरवणारी सरकारी समिती येणार, त्याच्या आदल्या दिवशी अण्णा म्हणाले, “म्याडम, उद्या चाललं पाहिजे.” एवढंच. खोटं बोला, असं त्यांनी मला सांगितलं नाही. हे त्यांच्यावर ढकलायला मला आवडलं असतं, पण तसं झालं नाही.

मी अर्धं पोतं सोयाबीन घेऊन केदारखेड्याला गेले आणि आईला अंगणात निवडायला बसवलं. आईची बोटं अशी चालायची की दाण्याला कळायचं नाही आपण कधी बाजूला पडलो. निवडता निवडता तिनं विचारलं, “मशीन निवडतंय म्हणतीस ना? मंग मला कामून बसवलंस?”

“आधी त्याला चांगला दाणा दाखवावा लागतो आई, मंग ते शिकतं.”

“बराबर हाय,” ती म्हणाली आणि पुन्हा सुपावर वाकली. मरेपर्यंत ती गावात सांगत राहिली, की लेकीच्या मशीनला दाणा ओळखायला मी शिकवलं.

दुसऱ्या दिवशी समितीसमोर मी यंत्राशेजारी मोंढ्यावरचं मिसळलेलं सोयाबीन ठेवलं, उघड्या पोत्यात, सगळ्यांना दिसेल असं. यंत्राच्या आत मात्र आईनं निवडलेलं भरलं होतं. आणि डागी दाणे पडतात त्या खालच्या ड्रॉवरमध्ये डागी दाणे — आधीच. बटण दाबलं. पट्टा फिरला, फवारे उडाले. वरून स्वच्छ दाणा बाहेर आला. मी ड्रॉवर ओढला. टाळ्या.

इथपर्यंत फसवणूक होती. सरकारला फसवलं म्हणा. पण एवढंच असतं तर मी आज हे सांगत बसले असते का? खरं सांगते — नसते.

माझ्यानंतर संगीता उभी राहिली. तिनं समितीतल्याच एका साहेबांना सांगितलं, “तुमच्या हातानं घाला.” त्यांनी माझ्याच उघड्या पोत्यातले दाणे ओंजळीनं घातले. यंत्र थोडा वेळ झकास चाललं आणि मंग चुकायला लागलं. ती घाबरली नाही. “साहेब, धूळ बसली की चुकतंय. अजून जमलं न्हाई आमचं. पण जमंल. आम्ही त्याच्यावरच काम करून राह्यलो.”

समितीच्या अध्यक्षांनी माझ्याकडं वळून विचारलं, “तुमच्या यंत्राला धुळीचा त्रास होत नाही?”

तेव्हा मला गप्प राहता आलं असतं. ‘आम्हीही त्यावर काम करतोय’ म्हणता आलं असतं. मी म्हणाले, “नाही सर. धुळीचा प्रश्न आम्ही सोडवलाय.”

हेच ते.

आणि तुम्हाला वाटेल संगीताचा चेहरा पडला. नाही पडला. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं तिचंच काम झालंय. कार्यक्रम संपल्यावर धावत आली, माझे दोन्ही हात धरले. “वैशू, कसं केलंस गं? मला सांग ना! काचेसमोर वाऱ्याचा पडदा केलास का? मला सारखं तेच वाटतंय, काचेवरून हवा वाहती ठेवली तर धूळ बसणारच न्हाई. पण मला ते बसवता येईना. तसंच केलंस ना?”

मी म्हणाले, “तसंच काहीसं. पेटंटचं चाललंय गं, आता सांगता येत नाही.”

ती एक पाऊल मागं सरली. “हो हो, बराबर आहे,” म्हणाली. मैत्रिणीकडं असं मागायला नको होतं, अशी लाज तिच्या तोंडावर आली. तिच्या. माझ्या नाही.

केंद्र आम्हाला मिळालं. परतूरचा गट विस्कटला, सरकारनं पाठ फिरवल्यावर छोटे किती दिवस थांबणार? संगीताचं यंत्र शेडमध्ये पडून राहिलं. काही दिवसांनी तिचा फोन आला. “तुला जमलं म्हणजे होण्यासारखं होतं गं. मलाच न्हाई जमलं. डोकं कमी पडलं बघ.” मी काय म्हणाले? “असं नको म्हणूस.” वा! किती मोठं मन माझं.

नव्या केंद्रात चांगली हत्यारं आली, चांगली माणसं आली. मी काचेसमोर हवेचा झोत बसवला, तिनं सांगितला तसाच. थोडे हाल झाले, पण जमलं. धूळ बसायची थांबली. त्या दिवशी पेढे वाटले गेले आणि मी खाल्ले. मंग सत्कार झाले, मंग दुसऱ्या जिल्ह्यांतले लोक शिकायला यायला लागले. दर वेळी पेपरात फोटो आला की संगीताचा मेसेज यायचा : अभिमान वाटतो. मी हात जोडल्याचं चित्र पाठवायचे.

तुम्ही म्हणाल, धोरणच तसं. अर्ध्या तासात चालून दाखवा म्हणतात, ‘कुठं अडलंय’ हे विचारायला कुणाला वेळ नसतो. जे यंत्र पाहुण्यांसमोर बंद पडत नाही तेच नवं, असं सरकारला वाटतं. हे मी पन्नास सभांत बोलले आहे आणि ते खरं आहे. पण माझ्या कामाचं नाही. त्याच समितीसमोर, त्याच दुपारी संगीता उभी होती आणि खरं बोलली होती. कुणी म्हणेल, तुमच्यासारख्या घरातून आलेल्या बाईला दुसरी संधी कोण देतं? चूप बसा. त्याच घरात माझे वडील जन्मभर खरं बोलून जगले. त्यांच्या नावाआड मी लपणार नाही.

मागच्या महिन्यात संगीताचा फोन आला. आता ती परतूरला स्टेशन रस्त्यावर झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान चालवते. म्हणाली, “जरा माझ्या पोरीशी बोल ना. गणितात पहिली येती, पण इंजिनिअरिंगला न्हाई जायचं म्हणती. म्हणती, आपल्या घरात ते डोकंच न्हाई. आईनं करून पाहिलं, मावशीला जमलं, आईला न्हाई जमलं.”

मावशी म्हणजे मी.

दुसऱ्या दिवशी मी परतूरला गेले. दुकानात गिऱ्हाईक होतं, ते जाईपर्यंत उभी राहिले. मंग सगळं सांगितलं — पोतं, ड्रॉवर, आई, हवेचा झोत. शेवटी तिनं एकच विचारलं, “म्हंजे, त्या दिवशी तुझंबी बंद पडत होतं?”

“हो.”

“आणि वाऱ्याचा पडदा लावल्यावर चाललं?”

“चाललं.”

ती काउंटरची कड धरून उभी राहिली. मला वाटलं शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. ती म्हणाली, “मी इतकी वर्षं सोताला मूर्ख म्हणून राह्यले, वैशाली.” आधी कधी तिनं मला पूर्ण नावानं हाक मारली नव्हती. मंग आत तोंड करून तिनं पोरीला बोलावलं, आणि मला म्हणाली, “आता जे सांगितलंस ते हिला सांग. आणि मंग जा. परत येऊ नको.”

मी त्या मुलीला सांगितलं. तिच्या आईचं डोकं काय होतं, आणि मावशीनं काय केलं. पोरगी माझ्याकडं बघत नव्हती, आईकडं बघत होती. मी निघाले.

पुढच्याच आठवड्यात आमच्या केंद्रावर मोठा कार्यक्रम होता. हाच नमुना आता जिल्ह्याजिल्ह्यात करायचा म्हणून मुंबईहून अधिकारी आले होते, आणि ‘आम्ही हे कसं केलं’ यावर मला बोलायचं होतं. बोलले. कसं केलं तेच बोलले, संगीताचं नाव घेऊन, गावासकट. माइक कुणी बंद केला कळलं नाही, पण माझा आवाज शाळामास्तरच्या पोरीचा आहे. मागच्या रांगेपर्यंत गेला. अण्णा नंतर म्हणाले, “म्याडम, झालं गेलं कामून उकरायचं? केंद्राचं नाव जाईल, पोरींची कामं जातील.” त्यांना मी म्हणाले, यंत्र खरं आहे, पोरींचे हात खरे आहेत, कुणाच्या बापाला घाबरायचं कारण नाही. खोटी मी होते. मला काढा.

काढलं आहे. सध्या घरी आहे. काही जुने सहकारी रस्त्यात तोंड फिरवतात, काही मुद्दाम थांबून ‘धाडस केलं’ म्हणतात. त्या दुसऱ्यांचा मला जास्त राग येतो. कसलं धाडस? धाडस करायची दुपार येऊन गेली, आणि ते संगीतानं केलं.

तिचा फोन आलेला नाही. मी केलेला नाही. तिच्या पोरीनं कुठं प्रवेश घेतला, मला माहीत नाही, आणि विचारायचा हक्क मला नाही.

सोमवारी सरकारी चौकशीला बोलावलंय. वकील केलेला नाही. विचारतील ते सांगेन, आणि जे विचारायचं त्यांना सुचणार नाही, तेही सांगेन.