साहेब उठेपर्यंत

मंडळी, कंपनीच्या कामासाठी नेदरलँड्सला आलोय. आज इथल्या ऑफिसात पहिला दिवस.

माझं काम साडेचारलाच संपलं. पाचला सगळे बॅगा उचलून निघाले. उरलो मी आणि इथला मॅनेजर यान. आता आपल्या नाशिकच्या ऑफिसात साहेब उठल्याशिवाय कुणी उठत नाही. म्हणून मीही बसून राहिलो, जुने मेल परत वाचत. यान मधूनमधून माझ्याकडे बघायचा, की मी आणखी जोरात टाइप करायचो.

साडेसहाला न राहवून विचारलं, "रोज इतका वेळ थांबतोस?"

"नाही. पाहुण्याला ऑफिसात एकटं सोडायचं नाही, असा नियम आहे. तुझं काम व्हायची वाट बघतोय. मुलीला पोहायला न्यायचं होतं, ते राहिलं."

मी ओशाळून म्हणालो, "माझं केव्हाच झालंय. मी तुझ्यासाठी थांबलोय."

"का?"

रागावला नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

नाशिकला आमचे सर रोज आठपर्यंत बसतात, आणि त्यांच्यामुळे आम्ही सगळे. ते कुणासाठी बसतात, हे आम्ही कधी विचारलंच नाही. तुमच्यापैकी कुणी आपल्या साहेबांना विचारलंय?