बाईंची सही

आमच्या बाईंची सगळी हयात एका प्रश्नात गेली: काळ म्हणजे काय, याबद्दल प्राचीन ग्रीकांना नेमकं काय म्हणायचं होतं. विद्यापीठातल्या त्यांच्या खोलीत पुस्तकं इतकी, की बसायचं तर आधी खुर्चीवरचा गठ्ठा मांडीवर घ्यावा लागे.

त्यांचं नाव झालं ते एका सिद्धांतामुळे. काळ म्हणजे हालचालीची मोजदाद, असं एका ग्रीक पंडिताचं म्हणणं. मग मोजणारं मनच नसेल तर काळही नाही, असा अर्थ बाईंनी लावला आणि जन्मभर लावून धरला. आणि मी दीडशहाणी, त्यांच्याच हाताखाली प्रबंध लिहून सांगत होते की बाईंचं चुकलं. मोजणारा नसला तरी काळ जातोच.

दुसऱ्या कुणी मला दारातूनच वाटेला लावलं असतं. बाईंनी घरी बोलावलं. त्यांची तऱ्हाच वेगळी. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एक दिवस मी त्यांची बाजू लढवायची, त्यांनी माझी. दुसऱ्या दिवशी उलट. माझी बाजू त्या माझ्याहून झकास मांडायच्या आणि शेवटी कप विसळत म्हणायच्या, अजून पटलं नाही. पटल्याशिवाय सही नाही, सहीशिवाय पदवी नाही, आणि कॉलेजातली माझी नोकरी त्या पदवीवाचून अडलेली. मेटाकुटीला येऊन मी प्रबंधातलं बाईंना खोडणारं प्रकरणच गाळते म्हटलं, तर बाई भडकल्या. पटलेलं असताना माघार घेणाऱ्याचं तोंडही मी बघत नाही, असं सुनावलं. माझी पुरती कोंडी झाली.

त्यातच बाईंचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेले, तर उशाशी काका, म्हणजे बाईंचे यजमान. भूमितीचे मास्तर, एरवी कडक इस्त्रीतले. आज शर्टाची बटणं वरखाली लागलेली. बाईंचा आवाज खोल गेला होता, विषय मात्र तोच. भूल दिली आणि जाग आली, मध्ये एक क्षणही गेला नाही, म्हणजे माझंच खरं, म्हणाल्या. मी आजाऱ्याशी कशाला वाद घालू? मग सवयीने माझी बाजूही त्यांनीच घेतली: पण काळ तर गेला. आणि लगेच स्वतःची: गेला, कारण बाहेर बसून हे मोजत होते.

"मी नाही मोजला," काका म्हणाले. "घड्याळ काढून खिशात टाकलं होतं. मोजत बसलो असतो तर वेड लागलं असतं मला. नुसता भिंतीकडे बघत होतो."

बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इस्पितळात घड्याळं होती, ती बघून मोजणारी दुसरी माणसं होती, हे तू सांगायची गरज नाही. माझ्या बाजूचा तो युक्तिवाद मीच करू शकते. पण या माणसाचं तोंड बघ. काळ गेलाच नाही, असं याला सांगायची माझी छाती नाही."

प्रबंध माझ्या पिशवीत होता. सलाईन उजव्या हाताला, म्हणून त्यांनी डाव्या हाताने सही केली, वेडीवाकडी.

आज बाई निवृत्त आहेत, आणि विद्यापीठातली त्यांची खोली आणि त्यांचे तास माझ्याकडे आले आहेत. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत, आणि फेडायची मला घाईही नाही. दर वर्षी पहिल्याच तासाला मी मुलांना सांगते की बाईंचा सिद्धांत चुकीचा होता. बाई मागच्या बाकावर बसलेल्या असतात, आणि माझ्या बाजूतली पहिली खोट त्याच काढतात.