महिपतीचं गाव सगळ्यात शेवटी

महिपती आमच्या नारायण पेठेतल्या रुग्णालयात आला तो वायरी ओढायला. त्याला आता बावीस वर्षं झाली. शिडीवर चढून छतातून केबल सरकवणारा हा माणूस पुढे अख्ख्या संस्थेचं नेटवर्क सांभाळू लागला, आणि तेही कुठल्याही कॉलेजची पायरी न चढता. कुठे शिकलात विचारलं, तर "बघून बघून" एवढंच सांगतो. मी संस्थेच्या गाड्या आणि रुग्णवाहिका बघतो. आमची टेबलं शेजारी आहेत, त्यामुळे त्याच्याबद्दल मला जे माहीत आहे ते त्याने सांगितलेलं कमी आणि मी पाहिलेलं जास्त.

संस्थेची शहराच्या कडेकडेने अकरा छोटी प्रसूतिगृहं आहेत. तिथे सिस्टर असतात, मोठ्या डॉक्टर नसतात. बाई प्रसूतीला आली की तिच्या पोटाला पट्टा बांधतात आणि बाळाच्या ठोक्यांचा आलेख इंटरनेटवरून नारायण पेठेत येतो. डॉ. शेफाली तो बघून सांगतात, थांबा, किंवा ताबडतोब इकडे पाठवा. आलेख वेळेवर येणं यावर सगळं उभं आहे.

मागच्या वर्षी प्रत्येक प्रसूतिगृहात एक नवी पेटी बसली. तिला एसडी-वॅन म्हणतात. पेटीला दोन लाइनी असतात, एक फायबरची आणि एक सिमकार्डाची. काय कुठल्या लाइनीने जाईल, कोणाच्या आधी जाईल, हे पेटी ठरवते, आणि तिचे नियम महिपती नारायण पेठेत बसून लिहितो. पेटी हुशार आहे. जगातली हजारो ॲप तिला जन्मतःच ओळखू येतात. व्हिडिओ कुठला, गप्पा कुठल्या, सिनेमा कुठला, सगळं. आमचं ठोक्यांचं सॉफ्टवेअर मात्र संस्थेने एका छोट्या कंपनीकडून आपल्यापुरतं करून घेतलेलं. ते तिला कुठून माहीत असणार? आणि जे अनोळखी, ते रांगेत सगळ्यात शेवटी. म्हणजे बाहेर बाकड्यावर बसलेल्या मेहुण्याचा व्हिडिओ पुढे आणि बाळाचे ठोके मागे.

यावर उपाय असा, की पेटीला आपल्या ॲपची ओळख आपणच करून द्यायची. त्याला नाव द्यायचं, ते कुठल्या सर्व्हरकडे जातं तो पत्ता द्यायचा, कुठल्या पोर्टने, म्हणजे सर्व्हरच्या कुठल्या दाराने, जातं तो आकडा द्यायचा, आणि रांगेत कितवं उभं राहणार ते सांगायचं. महिपतीने हे सगळं दोन दिवसांत केलं. पेटीवाल्या कंपनीचा इंजिनिअर लांबलचक इंग्रजी नाव सुचवत होता. महिपतीने नाव दिलं 'ठोके'. म्हणाला, "फोनवर सांगताना सिस्टरला कळाय पायजे."

दहा ठिकाणी आलेख झक्क येऊ लागला. अकराव्या ठिकाणी तुटत होता, मागे पडत होता. तिथलं यंत्र जुनं होतं आणि ते वेगळ्या पत्त्यावर, वेगळ्या पोर्टने बोलायचं, त्यामुळे 'ठोके' या व्याख्येत बसत नव्हतं. त्याच्यासाठी दुसरी व्याख्या लिहायला हवी होती. लिहायला दहा मिनिटं; पण तिथे जाऊन, यंत्र तपासून परत यायला अर्धा दिवस. आणि हे अकरावं ठिकाण म्हणजे खडकवासल्याच्या वाटेवरचं, आता महापालिकेत आलेलं, महिपतीचं स्वतःचं गाव. तिथल्या सिस्टर विजयमाला या त्याच्या चुलतभावाच्या बायको.

विजयमालाबाईंनी महिन्याभरात चार फोन केले. चारही वेळा महिपतीने तक्रार यादीत लिहिली, आणि चारही वेळा तळाला लिहिली. वर प्रिंटरची तक्रार, कुणाचा पासवर्ड विसरलेला, हजेरीचं यंत्र रुसलेलं. मला राहवेना. म्हटलं, "अहो महिपतराव, गाडी देतो, जाऊन या की एकदा."

"माझं गाव हाय ते. वर घेतलं तर लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? इथे कोणाला तुमचं गाव माहीत आहे?"

"म्हणत्यात," तो म्हणाला आणि प्रिंटर बघायला गेला.

हे त्याच्या घरातून आलेलं. त्याचे वडील सर्जेराव कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताला पाणी कधी सोडायचं, चारीचं दार कधी उघडायचं, ते त्यांच्या हातात. गावात अजून सांगतात, की एका उन्हाळ्यात सर्जेरावांचा स्वतःचा कांदा डोळ्यांदेखत करपला, पण त्यांनी आपल्या शेताकडचं दार उघडलं नाही. आधी गाव, मग आपण. महिपती या गोष्टीवर वाढला. ती जमीन आता बिल्डरकडे गेली आणि तिच्यावर सात मजले चढले, पण गोष्ट तशीच राहिली. मला विचाराल तर असल्या गोष्टींचा मला पहिल्यापासून राग आहे. त्यांत नाव होतं एकाचं आणि करपतं भलत्याचंच.

मार्चमधला मंगळवार होता, दुपारची वेळ. क्रिकेटचा सामना होता आणि प्रसूतिगृहाच्या वायफायवर सगळे नातेवाईक तो बघत होते. आत सृष्टी नावाची पहिलटकरीण होती. नारायण पेठेत डॉ. शेफालींसमोर तिचा आलेख उमटत होता, चांगला, निश्चिंत. फक्त तो चौदा मिनिटांपूर्वीचा होता. तिकडे यंत्राच्या पडद्यावर विजयमालाबाईंना काहीतरी खटकलं. त्यांनी फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, "मला तर छान दिसतंय." बाईंनी जुनी नळी काढली, पोटाला लावली, घड्याळाकडे बघत ठोके मोजले आणि सरळ मला फोन करून रुग्णवाहिका मागितली. सिंहगड रोडवर जो वेळ लागायचा तो लागलाच.

ऑपरेशन झालं. मुलगी झाली. ती उशिरा रडली म्हणून तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर म्हणाल्या, जगेल. बाकीचं वर्षभराने कळेल.

महिपतीला कोणी काही विचारलं नाही. तक्रार यादीत होती, यादीप्रमाणे काम चालू होतं, कागद चोख होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने माझ्याकडे गाडी मागितली. मीच घेऊन गेलो.

तपासणीला आलेल्या एका बाईला पट्टा लावला होता. महिपतीने लॅपटॉप जोडला, यंत्र कुठे बोलतंय ते पाहिलं, पत्ता आणि आकडा टिपला, व्याख्या लिहिली, नाव दिलं 'ठोके-दोन', आणि रांगेत पहिली जागा दिली. मी घड्याळ लावून बघितलं. नऊ मिनिटं लागली. डॉ. शेफालींचा फोन आला, "येतोय. सलग येतोय."

विजयमालाबाई हात पुसत म्हणाल्या, "भाऊजी, मी वहिनी म्हणून फोन करत नव्हते. सिस्टर म्हणून करत होते."

महिपतीने लॅपटॉप मिटला.

परतताना त्याच्या घरी चहाला थांबलो. सर्जेराव आता शहाऐंशी वर्षांचे आहेत; इमारतीच्या पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसतात. महिपतीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "तुमच्यासारखंच केलं, दादा. आपल्याला शेवटी."

म्हातारा म्हणाला, "त्या दिशी पाळी आपलीच हुती."

"म्हंजे?"

"यादीत माझंच नाव वर हुतं. हक्काचं पाणी हुतं. पण लोक चारीवर उभं हुतं, मी घाबारलो. दार उघडलं न्हाय. मग लोकांनी वाहवा केली. वाहवा झाल्यावर खरं कुणाला सांगायचं? तुझी आई चार दिस बोलली नव्हती माझ्याशी."

चहा तसाच राहिला. गाडीत महिपती खिडकीबाहेर बघत होता.

नारायण पेठेत आल्यावर तो टेबलाकडे गेला नाही. तिसऱ्या मजल्यावर, नवजात बाळांच्या कक्षाकडे गेला. तिथे तो बावीस वर्षांत फक्त वायरींसाठी गेला होता. गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन मीही मागे गेलो. काचेबाहेर सृष्टी चाकाच्या खुर्चीत बसली होती.

"तुम्ही डॉक्टर?" तिने विचारलं.

"न्हाय. मी गावचाच. नेटवर्कचं काम माझ्याकडं हाय." मग जरा थांबून म्हणाला, "काल उशीर झाला तो माझ्यामुळं झाला."

तिला काय कळलं कोण जाणे. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिने खुर्ची थोडी मागे घेऊन त्याला काचेपाशी जागा करून दिली.