चुडा चढेना

मुलीच्या लग्नाआधीचे दोन महिने मी जिलबी, पुरी आणि गुलाबजाम यांवर काढले, आणि तेही हौसेने नव्हे. मी ठणठणीत आहे असं लोकांना दिसावं म्हणून.

मला संधिवात आहे. बोटांचे सांधे सुजवणारा, सकाळी मूठ वळू न देणारा. डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "गोळ्या सोडायच्या नाहीत आणि ताटाकडेही लक्ष द्यायचं. गोड, तळलेलं, मैदा कमी करा." मला वाटलं, हे काय, सगळ्यांनाच सांगतात. पण नाचणीची भाकरी, पालेभाजी, मुगाची आमटी, अधूनमधून मासळीचं कालवण असं काही महिने नेमाने खाल्लं आणि बोटांची सूज उतरली. कणीक मळता येऊ लागली. चहाबरोबर रोज खारी सुरू केली की बोटातली अंगठी रुतायला लागते, हेही माझं मीच पाहिलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं म्हणायचीही सोय नाही.

मग मुलीचं लग्न ठरलं. मुलगा शेजारच्या गोडदेवचा, आमच्या इंद्रलोक वस्तीपासून रिक्षाने जवळ. माणसं रायगडकडची, चांगली. आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. आईला संधिवात म्हणजे उद्या मुलीलाही होणार, असं त्यांच्या मनात आलं तर? ठरलेलं लग्न मोडलं तर? मी मुलीला बजावलं, "माझ्या हातांचं तिकडे बोलायचं नाही हं." ती गप्प राहिली. मी त्याला हो समजले.

केळवणं सुरू झाली. केळवणात नको म्हणणं म्हणजे रांधणाऱ्या बाईला दुखवणं. "अगं, एकच घे," म्हणत ती ताटात दोन टाकते. चेणे गावातल्या मावसबहिणीकडे श्रीखंड-पुरी झाली. शेजारच्या गुजराती भाभींनी "अमारे यहाँ भी होना चाहिए" म्हणून तुपात थबथबलेली माव्याची घारी आणि भजी केली. खरं तर प्रत्येक ठिकाणी "मला पथ्य आहे" एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण ही गोष्ट फिरत फिरत गोडदेवला पोचेल, ही भीती. मी खात गेले.

मुलाच्या आईने, म्हणजे विहीणबाईंनी, आम्हाला जेवायला बोलावलं तेव्हा तर मी कहर केला. जिलबी स्वतः मागून घेतली, वर म्हणाले, "मला काहीही चालतं हो, पथ्यबिथ्य काही नाही." कुणी विचारलंही नव्हतं.

लग्न तोंडावर आलं आणि मूठ पुन्हा वळेना. मी हात पदराखाली ठेवून वावरू लागले.

चुड्याच्या दिवशी बांगड्या भरणारे चाचा घरी आले. विहीणबाई मुलीचा शालू द्यायला आल्या होत्या, त्यांना मीच आग्रहाने थांबवून घेतलं. मुलीचा चुडा झाला. मग माझी पाळी. चाचांनी माझ्या नेहमीच्या मापाची बांगडी घेतली.

"आंटी, हाथ ढीला छोड़ो."

हात सैल सोडायला तो माझ्या ताब्यात कुठे होता? साबण लावून झाला, प्लास्टिकची पिशवी घालून झाली. बांगडी बोटांच्या मुळाशी अडली ती अडलीच. चाचांनी जरा जोर लावला आणि ती पिचली. आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. तेवढंही त्या क्षणी कुणाला सुचलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तरी मी म्हणाले, "उकाड्याने हात सुजलेत जरा."

विहीणबाईंनी माझा हात हातात घेतला. "मला माहिताय. पोरीने पहिल्याच भेटीत सांगितलंय."

मी मुलीकडे पाहिलं.

"तुला कळलं असतं तर तू त्यांच्याकडे जेवायलाच आली नसतीस, आई."

"त्या दिवशी तुमच्यासाठी नाचणीची भाकरी आणि मेथीची भाजी वेगळी केलेली," विहीणबाई हळूच म्हणाल्या. "पण तुम्हीच पथ्य नाही म्हणालात. मग डबा झाकलेलाच ठेवला. चारचौघांत तुम्हाला कशाला खोटं पाडू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांच्यापासून हात लपवत होते, आणि त्या माझं खोटं झाकत होत्या.

चाचांनी मोठ्या मापाच्या बांगड्या काढल्या. त्या चढल्या, पण मनगटावर ढिल्या झुलत राहिल्या. तेवढ्यात चुड्याला आलेल्या शेजारच्या भाभी पेढ्यांचं ताट घेऊन फिरल्या. माझा हात सवयीने पुढे गेला आणि सगळ्या बांगड्या खळकन घसरून सुजलेल्या बोटांशी आल्या. सगळ्यांनी पाहिलं. मी हात मागे घेतला.

"मला नको," मी म्हणाले. "मला संधिवात आहे. मला चालत नाही."

भाभी "अच्छा" म्हणून पुढे गेल्या. बस, एवढंच. एवढ्यासाठी मी दोन महिने जिवाचे हाल केले होते.

विहीणबाईंनी शालूच्या पिशवीतून एक डबा काढून माझ्यापुढे ठेवला. "मग आज उघडू ना?"

आत नाचणीची भाकरी होती. मला ती मोडता येईना. त्यांनीच मोडून दिली.